मदत हवी आहे : चतुर्थ वार्षिक कर आकारणीवर हरकत

आमच्या नगरपरिषदेची चतुर्थ वार्षिक कर आकारणी (दर चार वर्षांनी होणारी मालमत्ता कराची आकारणी) चालू आहे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातील कलम ११९ ची नोटीस घरी आली असून हरकतीची मुदत या महिनाअखेर संपते.

नोटिशीत गच्चीवरची पत्र्याची शेड आरसीसी खोली म्हणून धरली आहे. तिला तीन बाजूंनी भिंतीच नाहीत, वाळवण घालायला केलेला तो आडोसा आहे. त्यामुळे क्षेत्रफळ आणि करयोग्य मूल्य (ज्यावर कर ठरतो ती रक्कम) दोन्ही फुगले. मोजणी एजन्सीने केली. आत कोणी आले नव्हते, बहुधा खालूनच फोटो काढून नेला.

कर विभागातून मोजणीपत्रकाची प्रत आणली आहे. जुना कर उतारा, शेडचे फोटो, मंजूर नकाशा आणि चालू वर्षाची करपावती हाताशी आहे. थकबाकी नाही.

अडचण अशी की उताऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. ते हयात नाहीत. वारस नोंदीचा अर्ज दिलाय, पण ती मुदतीत होईल असे वाटत नाही. काउंटरवर एक जण म्हणतो मालकाचीच सही लागते, दुसरा म्हणतो भोगवटादाराची (प्रत्यक्ष राहणाऱ्याची) चालते. लेखी कोणीच देत नाही.

वकील करण्याइतकी रक्कम नाही, त्यामुळे तो सल्ला नको. 'कर भरू नका' हाही नको.

अशा स्थितीत कोणी वारस म्हणून हरकत दाखल केली आहे का? अर्जासोबत मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्र पुरले, की बाकी वारसांची संमतीपत्रेही मागितली? आणि सुनावणीला शेडचे माप खासगी अभियंत्याकडून घेतलेले ग्राह्य धरतात, की फेरमोजणीच मागावी?