‘मॅग्निफिसंट’ म्हणजे ‘भव्य’ का?

पैठणचा पैलतीर: पुतणीचा इंग्रजी निबंध चाललाय, वेरूळच्या कैलास लेण्यावर. ‘मॅग्निफिसंट’ शब्द आला. काका, म्हणजे काय? मी म्हटलं, भव्य. मग डोक्यात किडा वळवळला. लॅटिन ‘मॅग्नुस’ म्हणजे मोठा, अन् आपलं ‘महत्’ही तेच. म्हणजे शब्द संस्कृतातूनच तिकडं गेला. खोडून दाखवा!

परभणीचे मास्तर: खोडतो. ‘मॅग्नुस’ आणि ‘महत्’ चुलत भावंडं, आजा एकच, इंडो-युरोपीय, म्हणजे संस्कृत अन् लॅटिन दोघींची मूळ भाषा. भावाला बाप म्हणू नका. शिवाय तुम्ही अर्धाच शब्द धरलात. पुढचा तुकडा ‘फाकेरे’चा, म्हणजे करणे. मोठं काम करणारा, तो मॅग्निफिसंट. सढळ हातानं खर्च करणाऱ्या माणसालाही हा शब्द लागायचा. पंधराव्या शतकातला फ्लोरेन्सचा लोरेंझो मेदिची ‘इल मॅग्निफिको’ म्हणूनच ओळखला जातो.

जालन्याची ठसका: मास्तर, व्युत्पत्ती कबूल. पण अर्थ आज बोलणाऱ्याच्या तोंडात असतो. ‘भव्य’ तरी मुळात कुठं मोठं होतं? विष्णुसहस्रनामात ‘भूतभव्यभवत्प्रभुः’ आहे, तिथं भव्य म्हणजे पुढं होणारं. मग चौकातल्या फ्लेक्सवरचा ‘भव्य सत्कार’ अजून व्हायचाच आहे का?

परभणीचे मास्तर: ताई, पुष्कळदा तसंच असतं! पण माझी हरकत वेगळी. ‘भव्य’त नुसता आकार दिसतो. कैलासापुढं उभं राहिलं की मला छिन्नी आठवते. आठवं शतक, राष्ट्रकूट कृष्ण पहिल्याचा काळ, एकाच कातळातून शिखरापासून पायथ्याकडं कोरत आलेत. दगड एकदा उडाला की परत चिकटवता येत नाही. तो करणारा हात इंग्रजी शब्दात आहे, आपल्या ‘भव्य’त नाही.

बेगमपुऱ्यातला: मग ‘आलिशान’ काहून नको? अरबीत ‘आली’ म्हणजे उंच, ‘शान’ म्हणजे रुबाब. निजामाच्या राज्यात आमचा आजा उर्दूतच शिकला, मराठवाड्याला हा शब्द परका नाही. आमच्या बीबीच्या मकबऱ्याला तर लई शोभतो.

जालन्याची ठसका: मकबऱ्याला शोभेल. कैलासाला नको. ‘आलिशान’ म्हटलं की मला एसी आणि सोफा दिसतो.

बेगमपुऱ्यातला: ते बिल्डरांच्या जाहिरातींचं पाप. शब्दाचा काय गुन्हा? आत्ताच तुम्ही ‘भव्य’ला फ्लेक्समधून सोडवलं, आमच्याला पण सोडवा की.

परभणीचे मास्तर: हे बरोबर बोललात.

पैठणचा पैलतीर: भावंडांचं मला अजून पटलं नाही, मास्तर. पण तुमचं भांडण होईपर्यंत पुतणीनं वहीत ‘बिग’ लिहिलं अन् झोपली.