मदत हवी आहे: दहावीच्या मुलांकडून इनडायरेक्ट स्पीचचा सराव कसा करून घ्यावा?

वर्गशिक्षिका:
मराठी माध्यमाची मुलं आहेत. तक्ता तोंडपाठ आहे: प्रेझेंटचा पास्ट, नाऊचं देन, टुमारोचं द नेक्स्ट डे. तरी वहीत 'ही सेड दॅट आय ॲम टायर्ड' येतंच. प्रश्नार्थक वाक्यात तर 'शी आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह'. रोज 20 मिनिटं देता येतील. सुरुवात कुठून करू?

खडू_फळा:
तक्ता थोडे दिवस बाजूला ठेवा. ही चूक पाठांतराची नाही, मराठीतून आलेली आहे. 'तो म्हणाला की मी दमलोय' हे मराठीत बिनचूक आहे. 'की'च्या पुढे बोलणाऱ्याचा 'मी' आणि त्याचा वर्तमानकाळ दोन्ही तसेच चालतात. मुलं 'दॅट'ला 'की' समजून लिहितात.

म्हणून आधी सर्वनामं घ्या, काळ नंतर. अवतरणातल्या प्रत्येक आय, यू, माय खाली पेन्सिलीने माणसाचं नाव लिहायला लावा. रवी सेड टू सीमा, "आय हॅव लॉस्ट युअर पेन." आयखाली रवी, युअरखाली सीमा. मग 'रवी टोल्ड सीमा दॅट ही हॅड लॉस्ट हर पेन' आपोआप सुचतं. दिवसाला पाचच वाक्यं, तीही साधी विधानं. पाचही वाक्यांत सर्वनामं बरोबर यायला लागली की काळाकडे वळा. तिथे 'सेज' आणि 'सेड' मिसळून द्या. 'सेज' असेल तर काळ हलत नाही, हे हमखास विसरलं जातं.

प्रश्नांना वेगळा आठवडा हवाच. 'व्हेअर डू यू लिव्ह?' मधलं 'डू' आधी खोडायचं. उरलं 'व्हेअर यू लिव्ह', त्याचं 'शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड'. 'डू' तसंच ठेवून काळ बदलला की 'व्हेअर डिड आय लिव्ह' होतं आणि गुण जातात. प्रश्नात 'दॅट' नाहीच. हो-नाहीचा प्रश्न असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर'.

मधली_सुट्टी:
'टोल्ड'पुढे माणूस लागतोच, 'ही टोल्ड दॅट' नाही चालत. माणूस नसेल तर 'सेड'. आणि आठवड्यातून एकदा उलटं करायला द्या, इनडायरेक्टचं डायरेक्ट. सर्वनाम खरंच कळलंय का ते तिथे लगेच दिसतं.

वर्गशिक्षिका:
आज्ञार्थी वाक्यं कधी घेऊ?

खडू_फळा:
शेवटी, दोन दिवस पुरतील. "डोन्ट रन" चं 'टोल्ड अस नॉट टू रन'. "प्लीज" असेल तर 'रिक्वेस्टेड' लिहायचं आणि प्लीज गाळायचं. मुलं दोन्ही ठेवतात.