अमेरिका खेळताना आधी जर्मनी की जपान?

रामबागवाला (इंदूर):
मंडळी, आम्ही पाच जण दर रविवारी ॲक्सिस अँड अलाइज हा दुसऱ्या महायुद्धावरचा बोर्डगेम खेळतो, 1942 वाली सेकंड एडिशन, मी अमेरिका. 42 आयपीसी (खेळातले पैसे) हातात असतात, निम्मे पॅसिफिकला घालतो निम्मे अटलांटिकला, आणि तरी सहाव्या राउंडच्या आसपास मॉस्को पडतंच. कालही तेच, जर्मनीवाल्या दादाचे रणगाडे कॉकेशसमध्ये येऊन उभे आणि माझी दोन ट्रान्सपोर्ट (सैन्य नेणारी जहाजं) अजून इंग्लंडच्या किनाऱ्यालाच. रात्री झोप नाही आली. सगळं एकाच बाजूला लावायचं का? मग जपानचं काय?

लष्करवाला (ग्वाल्हेर):
अरे दादा, निम्मं-निम्मं केलंस तिथेच घात झाला. हिशोब कर ना, 4 ट्रान्सपोर्ट 28 ची, त्यात बसणारं 8 पायदळ 24 चं, झाले 52, म्हणजे अख्खे 42 लावले तरी एका टर्नमध्ये भागत नाही, 21 मध्ये तू काय करणार? वर ट्रान्सपोर्टला बचाव शून्य, सोबत डिस्ट्रॉयर ही युद्धनौका हवीच, तिचे 8 वेगळे. पहिले तीन टर्न सगळा पैसा अटलांटिकला. पर्ल हार्बर होऊनसुद्धा डिसेंबर 1941 च्या वॉशिंग्टन बैठकीत अमेरिका 'आधी जर्मनी' यावरच राहिली आणि नोव्हेंबर 1942 ला उत्तर आफ्रिकेत उतरली, तूही तिथेच उतर. आणि उतरल्यावर दर टर्नला माणसं पोचलीच पाहिजेत. गोविंदपंत बुंदेले पडले, सदाशिवरावभाऊंची रसद तुटली, मग पानिपतावर आपले लोक उपाशीपोटी लढले, हे आपल्याला कोणी वेगळं सांगायला नको.

बडोदेकर:
पटलं, पण मॉस्को धरायचं काम रशियावाल्याचं. तो काय विकत घेतो? 24 मध्ये 4 रणगाडे येतात नाहीतर 8 पायदळ. रणगाडा 3 वर बचाव करतो (फाशावर 3 किंवा कमी पडलं की), शिपाई 2 वर, म्हणजे एकूण 12 विरुद्ध 16, आणि मार खायला चारऐवजी आठ जण. जपानसाठी इंग्लंडला सांग, दर टर्न 9 घालून भारतात 3 शिपाई उतरव, तिथली फॅक्टरी तीनच काढते.

रामबागवाला:
रणगाडेच घेतो हो तो! रविवारी आधी त्याच्याजवळ बसतो. पण ट्रान्सपोर्ट परत यायला एक टर्न जातो, मग दोन ताफे लागतील?

लष्करवाला:
हो, एक उतरवत असताना दुसरा पूर्व किनाऱ्यावर भरायला परत आलेला हवा. दुसरा ताफा तिसऱ्या टर्नला घे, आधी नको, तोवर किनाऱ्यावर पायदळ साठव.