बर्फात अडकलेलं 'फ्राम'

ध्रुवीय मोहिमेवरच्या 'फ्राम' या जहाजाचं बर्फात रुतलेलं छायाचित्र पाहिलं की ते अपघाताचं असावं असं वाटू शकतं, म्हणून लिहितो. तो अपघात नव्हता. नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन याने ते जहाज मुद्दाम गोठवून घेतलं होतं!

१८८१ मध्ये सायबेरियाच्या उत्तरेला 'जीनेट' हे अमेरिकन जहाज बर्फाने चिरडलं. तीन वर्षांनी त्याचे अवशेष थेट ग्रीनलंडच्या किनाऱ्याला लागले. म्हणजे बर्फच त्यांना तिकडे घेऊन गेला. मग एखादं भक्कम जहाजही त्याच वाटेने का जाणार नाही, हा नान्सेनचा तर्क. जहाज बांधणाऱ्या कोलिन आर्चरने 'फ्राम'चं बूड आणि बाजू गोलसर ठेवल्या, म्हणजे बर्फाने दाबलं की ते चिरडण्याऐवजी वर उचललं जावं. सप्टेंबर १८९३ मध्ये ते गोठलं आणि ऑगस्ट १८९६ मध्ये सुटलं. जहाजावर तेरा माणसं होती, तेराही जिवंत परतली.

त्या काळातल्या छायाचित्रांत डेकवरची पवनचक्की जरूर शोधा. ध्रुवीय रात्रीत तिच्या विजेवर दिवे लागायचे. पण मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते ६ एप्रिल १८९४ चं, सूर्यग्रहणाचं. बर्फावर उपकरणं मांडून नान्सेन आणि त्याचे सहकारी योहान्सेन व स्कॉट हान्सेन निरीक्षण करताहेत. अडकलेल्या माणसांची हताशा त्यात कुठेच नाही, कामाची गडबड आहे.

प्रत्यक्ष जहाज आजही ऑस्लोच्या संग्रहालयात उभं आहे, आणि त्याच्या डेकवर चढताही येतं.