मदत हवी आहे: मालवणात प्रवाळासाठी लोखंडी सांगाडे करायचेत, गज कुठला आणि रंग कुठला?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप आहे. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड, यंत्रमागाचे तुटलेले पार्ट, वीस वर्षं हेच चाललंय. आमच्याकडे पाणी म्हणजे उजनी, आणि नळ कधी येतोय याची वाट. समुद्राशी सोयरीक झाली ती मुलगी मालवणला दिली म्हणून.

व्याह्यांच्या दोन होड्या आहेत. एक मासेमारीची, दुसरी पर्यटकांना पाण्याखालचं प्रवाळ दाखवायला जाते. दिवाळीत गेलो तेव्हा त्यांनी मोबाईलवर इंडोनेशियातला व्हिडिओ दाखवला. सुलावेसीजवळच्या बेटांवर सुरुंग फोडून मासे मारायचे, त्यात प्रवाळाचा पार चुरा झालेला. तो चुरा पाण्याबरोबर हलत राहतो, नवीन प्रवाळ त्याच्यावर धरतच नाही. तिथल्या लोकांनी गजाचे षट्कोनी सांगाडे केले, वाळूचा लेप दिला, प्रत्येकावर दहा-पंधरा जिवंत तुकडे बांधले आणि तळाला एकमेकांत अडकवून जाळंच अंथरलं. चार वर्षांत तिथलं प्रवाळ धडधाकट प्रवाळाच्या वेगाने वाढायला लागलं, असं शास्त्रज्ञांनी मोजून २०२४ मध्ये छापलंय. व्याही म्हणाले, "वाडीतली आठ-दहा पोरं पाण्यात उतरायला तयार आहेत. चाळीस नग तुम्ही करून द्याल?"

मी हो म्हणून बसलो. वेल्डिंग येतं म्हणजे सगळं येतं, हा आमच्या धंद्यातला जुना आजार.

दोन नमुने केले. दहा एमएमचा टीएमटी गज, सहा पाय, रुंदी तीन फूट. गंजू नये म्हणून वर रंग मारला, तोही व्याह्यांकडून आणलेला, होडीच्या बुडाला लावतात तो. म्हटलं, खाऱ्या पाण्याला याच्यापेक्षा भारी काय असणार! मुलीने फोटो बघितला आणि मला डबा वाचायला लावला. त्यात तांबं असतं. बुडाला शिंपले-शेवाळ धरू नये म्हणूनच तो बनवतात. म्हणजे ज्याच्यावर जीव धरावा म्हणून सांगाडा, त्यालाच जीव धरू न देणाऱ्या रंगाचे दोन हात मारून मी मोकळा.

आता गाडी अडलीय. गज बिनरंगाचा टाकला तर टिकेल का? वाळूचा लेप बसतो कशावर? आणि मुख्य म्हणजे, वाडीतल्या लोकांनी हे परस्पर केलेलं चालतं का? इथून टेम्पो भरून पाठवायचा आणि तिथे कुणी अडवायचा, असं नको. जाणकारांनी कृपया सांगावं.

ता.क. बायको विचारतेय, अंगठीतलं पोवळं ते हेच का?

रापणकर:
दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. परस्पर अजिबात नको. वन्यजीव संरक्षण कायद्यात प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या रांगेत. जिवंत तोडणं सोडाच, किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा शोकेससाठी नेला तरी गुन्हा होतो. त्यात मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, २९.१२ चौरस किलोमीटरचं. वनविभागाच्या कांदळवन कक्षात जाऊन बोला, अर्ज मच्छीमार सोसायटीच्या नावाने करा, सोबत समुद्रशास्त्राची एखादी संस्था घ्या. पोरांचा उत्साह चांगला आहे, पण कायद्याला उत्साह दिसत नाही.

दक्षिणवारी:
मी नोकरीनिमित्त तुतिकोरिनला सहा वर्षं काढली. तिथून रामेश्वरपर्यंत मन्नारच्या आखातात २१ बेटं आहेत. 'आहेत' म्हणायचं, कारण चुन्यासाठी लोकांनी भोवतीचं प्रवाळ इतकं खणलं की दोन बेटं पाण्याखाली गेली. लाटा अडवणारा बांधच काढून नेला ना! २००४ च्या त्सुनामीनंतर ते लोकांना उमगलं आणि खणणं थांबलं.

तिथे २००२ पासून तुकडे लावून प्रवाळ वाढवताहेत, तेही सिमेंटच्या चौकटींवर. लादीला तुकडा दोरीने बांधायचा, लादी चौकटीत बसवायची. लोखंडच वापरायचं असेल तर गंज अडवणारं रेझिन लावून ते ओलं असतानाच भरड वाळू चिकटवतात. खडबडीतपणाही येतो. तांब्याचा रंग मात्र कुठेच नको.

पण एक विचारतो, राग मानू नका. मालवणचं प्रवाळ मोडतंय कशाने? तिथे सुरुंग नाहीत. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटीमीटर आणि जास्तही वाढतं, ते सांगाड्यावर झटकन दिसतं. मालवणला जास्त करून गोल गड्ड्यांचं आणि खडकाला चिकटून पसरणारं. गड्डा वर्षाला सेंटीमीटरभर वाढला तरी खूप. शिवाय पावसाळ्यात नद्यांचा गाळ. कारण तसंच ठेवून सांगाडे टाकले तर फोटो छान येतील, एवढंच.

आणि वहिनींना सांगा, अंगठीतलं पोवळं वेगळं. ते लाल, मुख्यतः भूमध्य समुद्रातलं. खडक बांधणाऱ्यांतलं नाही.

धागाकर्ता:
राग कसला, बरं झालं विचारलंत. रात्री व्याह्यांना फोन लावला. पहिल्यांदा गाळ म्हणाले, मग पर्ससीनवाल्यांना (मोठं जाळं गोल टाकून मासे घेरणाऱ्या यांत्रिक बोटीवाल्यांना) शिव्या देऊन झाल्या, आणि शेवटी हळूच म्हणाले, "नांगर." सीझनला पर्यटनाच्या होड्या रोज त्याच खडकावर जातात, रोज नांगर टाकतात, ओढून काढताना गड्डाच उपटतो. पाण्यात घाबरलेला पर्यटक पाय टेकायला जागा शोधतो, ती प्रवाळावरच. "आमचीही होडी त्यात आली," हे त्यांनी आपण होऊन सांगितलं. मग माझ्या चाळीस सांगाड्यांवरही नांगरच पडायचा की!

रापणकर:
तर मग सांगाडे बाजूला ठेवा आणि बोये करा. खडकापासून लांब, वाळूच्या तळाला सिमेंटचा जड ठोकळा, त्याला साखळी, साखळीला दोर, वर तरंगता बोया. होडी त्याला बांधायची, नांगर टाकायचाच नाही. परवानगी यालाही लागेल, पण प्रवाळाला हात लावायचा नाही म्हटल्यावर बोलणं सोपं जातं. फिलिपिन्समधल्या अपो बेटावर १९८२ मध्ये कोळ्यांनीच एक पट्टा मासेमारीला बंद केला, पहाराही तेच देतात. तुकडे न लावताही काम होतं.

संशयात्मा:
बोये काय, सांगाडे काय. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं प्रवाळ पांढरं पडत असल्याचं चौथ्यांदा जाहीर झालं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ आतलं शेवाळ बाहेर टाकतं, आणि त्याचं बहुतेक जेवण तेच पुरवतं. मालवणची वाडी समुद्र थंड करणार आहे का?

दक्षिणवारी:
नाही करणार. पण ताप आलाय म्हणून पेशंटच्या पायावर दगड पडू द्यायचा का?

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. वनखात्याचं नाव काढल्यावर व्याही जरा गप्प झाले. अभयारण्य आलं तेव्हा आम्हाला कुणी विचारलं नाही, म्हणाले. मला आमचं नान्नज आठवलं. माळढोकचं अभयारण्य १९७९ मध्ये कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटरचं केलं, त्यात आमच्या मामाचं शेतसुद्धा. मामा माळढोकचं नाव काढलं की अजून तोंड फिरवतो. पुढे ते कमी करून १,२२२ वर आणलं, पण पक्षी काही वाढला नाही. हे सगळं व्याह्यांना सांगितलं. मग ठरलं की नांगर कुठे कुठे पडतो त्याचा नकाशा होडीवाल्यांनीच बसून काढायचा आणि तोच अर्जाला जोडायचा. पहिली बैठक झाली, सात होड्यांचे लोक आले. एकाने विचारलं, बोया बांधला तर त्यावर पहिला हक्क कुणाचा? तिथेच तासभर गेला म्हणे.

नमुन्याचे दोन सांगाडे दारात पडून होते. रंग खरवडून बायकोने त्यावर दोडक्याचा वेल सोडलाय.

आता माझा प्रश्न बदललाय. ठोकळ्यात अडकवायची कडी माइल्ड स्टीलची घालू की स्टेनलेसची? ठोकळ्याजवळची साखळी वाळूत सारखी घासणार, म्हणजे झिजणार तिथेच. वीस-पंचवीस माणसांची होडी धरायला कडी किती एमएमची लागते, हे कुणी केलेलं असेल तर सांगा. जूनला होड्या वर ओढायच्या आत निदान दोन ठोकळे ओतून तयार ठेवायचेत.