चर्चा: मराठी विज्ञानपुस्तकात आकृतीभोवती मजकूर वळवणं आपण थांबवायला हवं

पानजुळणी, दादर

गेली अकरा वर्षं मी मुलांच्या विज्ञानपुस्तिका लाटेक या पानजुळणीच्या संगणकप्रणालीत जुळवते. मागच्या महिन्यात एका पुस्तिकेचा सोळा पानांचा अख्खा फर्मा (एकाच कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) पुन्हा छापावा लागला, तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

कप्पीची आकृती होती. दोर, चाक आणि खाली टांगलेलं वजन. रॅपफिग (लाटेकमध्ये आकृतीभोवती मजकूर वळवणारं साधन) वापरून ती परिच्छेदाच्या उजवीकडे बसवली होती आणि छान बसली होती. छपाईला जायच्या आदल्या दिवशी संपादकांनी तीन पानं आधी दोन ओळी वाढवल्या. परिच्छेद खाली सरकला आणि आकृती पानाच्या तळाशी आली. वजनाचा भाग समासाच्या खाली गेला तो कापलाच गेला. पुढच्या पानावर पहिल्या चार ओळी अर्ध्या रुंदीच्या, शेजारी पांढरी मोकळी जागा. मजकुरात मात्र ‘दोराच्या टोकाला टांगलेलं वजन पाहा’. शेवटचं प्रूफ मी पानन्‌पान उलटून पाहिलं नाही, फक्त बदललेल्या ओळी तपासल्या. ती चूक माझीच.

पण दर वेळी माणसाची चूक म्हणून हा विषय सोडून देता येत नाही. लाटेकच्या पोटात चालणारा टेक हा प्रोग्राम आधी संपूर्ण परिच्छेदाच्या ओळी पाडतो आणि मग त्या ओळी पानात भरतो. ओळी पाडताना तो परिच्छेद पानाच्या कुठल्या उंचीवर येणार हे त्याला ठाऊक नसतं. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७७-७८ मध्ये टेक लिहायला घेतला तेव्हापासून ही रचना आहे, आणि ओळी इतक्या सुंदर पडतात त्या परिच्छेदाचा एकत्र विचार होतो म्हणूनच. रॅपफिग त्या यंत्राला एवढंच सांगतं की ‘इथून पुढच्या अमुक ओळी अरुंद कर’. ती ओळींची गणती आहे, पानावरची जागा नव्हे.

त्यात आपली मराठी. डेमी आकाराच्या पानावर मजकुराची रुंदी साडेदहा सेंटिमीटर. साडेचारची आकृती आणि मधली फट ठेवली की उरतात जेमतेम साडेपाच. ‘गुरुत्वाकर्षणामुळे’ हा एकच शब्द त्यातली निम्मी ओळ खातो. पुढचा शब्द ‘पृष्ठभागाकडे’ असला तर तिसऱ्याला जागाच नाही. मग शब्दांच्या मधे अशी भोकं पडतात की त्यातून पानाचा पाठचा मजकूर दिसेल असं वाटतं.

माझं म्हणणं: मुलांच्या मराठी पुस्तकात मजकूर वळवू नये. आकृतीला स्वतःची जागा द्यावी, मोठी असेल तर पूर्ण रुंदीत, लहान असेल तर बाजूच्या रुंद समासात.

सातवी ब, कुर्ला

ताई, फर्मा पुन्हा छापावा लागला याचं वाईट वाटलं. पण तुमच्या म्हणण्याला माझा ठाम विरोध आहे.

मी सातवीला विज्ञान शिकवते. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी पुस्तक वाचून दाखवणारं कुणी नाही. मूल वाक्य वाचतं, बोट आकृतीवर नेतं, परत वाक्यावर येतं. मी हे रोज बाकाशेजारी उभी राहून बघते. आकृती त्या बोटाच्या पल्ल्यात हवी. ‘आकृती ३.४ पाहा’ लिहून ती पान उलटल्यावर दिली, की बोट थांबतं आणि मूल पुढचं वाचून टाकतं. आकृती न बघताच.

तापमापक, परीक्षानळी, कप्पी या सगळ्या उभ्या आकृत्या. पूर्ण रुंदीत टाकल्या तर दोन्ही बाजूंना रिकामं मैदान आणि मजकूर खाली ढकललेला. उभी आकृती मजकुराच्या कुशीतच बसली पाहिजे. शब्दांमधली भोकं मुलांना टोचत नाहीत, ती तुम्हाला आणि मला टोचतात.

कलिना कॅम्पस

इतका वाद कशाला? लाटेकला त्याचं काम करू द्या. आकृती फ्लोट करा, म्हणजे जागा मिळेल तिथे लाटेकलाच बसवू द्या, क्रमांक द्या, मजकुरात संदर्भ द्या. माझा प्रबंध तीनशे पानांचा आहे, एकही आकृती मी हाताने बसवलेली नाही. पानाच्या वरच्या बाजूला ७० टक्क्यांपर्यंत, खाली ३० टक्क्यांपर्यंत आकृत्या, आणि पानावर किमान २० टक्के मजकूर राहिलाच पाहिजे, हे लाटेकचे मूळ नियम आहेत. विचार करून ठरवलेले आहेत. वाचक क्रमांक शोधून आकृतीपाशी जातो.

सातवी ब, कुर्ला

तुमचा वाचक जातो. माझा अकरा-बारा वर्षांचा आहे.

खिळेघर, गिरगाव

मी डीटीपीवाला. वडील गिरगावात छापखान्यात खिळे (छपाईची सुटी धातूची अक्षरं) जुळवायचे. तेव्हा चित्राचा जस्ताचा ब्लॉक लाकडावर ठोकलेला यायचा. वडील आधी ब्लॉक मोजायचे, मग स्टिकची (ओळ जुळवायच्या पट्टीची) रुंदी कमी करून तेवढ्याच ओळी अरुंद जुळवायचे, ब्लॉक संपला की स्टिक पुन्हा पूर्ण उघडायची. म्हणजे तुमचं रॅपफिग करतं तेच. फरक इतकाच की गॅली, म्हणजे जुळवलेल्या ओळी ठेवायचं तबक, त्यांच्यासमोर असायची. पान कुठे तुटणार हे ओळ जुळवतानाच डोळ्यांना दिसायचं. ज्या मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी छपाईचा कस लावला, तिथे आज ‘मराठीत वळवून बसत नाही’ असं कुणी म्हणालं की मला लागतं.

बसतं. मी इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज बसवतो. टेक्स्ट रॅप (मजकूर वळवायची सोय) लावतो, आकृती वाक्याला अँकर करतो, म्हणजे जोडून ठेवतो, पानावर नजर टाकतो. भोकं पडली तर आकृती दोन मिलिमीटरने कमी करतो किंवा लेखकाला फोन करून एक शब्द बदलून घेतो. लांब शब्द तोडायलाही काय हरकत आहे? वडील ओळीच्या शेवटी संयोगचिन्ह देऊन बिनदिक्कत तोडायचे, वाचणारे वाचायचे.

आणि रुंद समासाचं म्हणाल तर कागदाचा हिशेब कोण करणार? सव्वाशे पानांचं पुस्तक दीडशेच्या वर गेलं की दोन फर्मे वाढतात. किंमत वाढली की सातवी ब वाल्या बाईंच्या वर्गात ते पुस्तक पोचतच नाही.

सुटे भाग, ठाणे

काही तांत्रिक गोष्टी, कारण दोन्हीकडून थोडं अर्धवट बोललं जातंय.

पानजुळणी, आकृती उजवीकडे बसवायच्या आज्ञेत तुम्ही लहान ‘आर’ (r) दिला होता ना? त्याचा अर्थ ‘इथेच, काहीही होवो’. मोठा ‘आर’ दिला असता तर आकृती थोडी पुढे सरकू शकली असती आणि पानाखाली गेली नसती. रॅपफिग लिहिणारे डोनाल्ड आर्सेनो यांनीच सूचनांमध्ये सांगून ठेवलंय की शेवटची बसवणी मजकूर पक्का झाल्यावर करावी.

पण एका बाबतीत पानजुळणी म्हणतात ते खरं आहे, आणि त्यांनी ते पुरतं सांगितलेलं नाही. रॅपफिग आकृतीची उंची ओळींच्या ठरलेल्या अंतराने भागून किती ओळी अरुंद करायच्या ते काढतं. मराठीत ‘कीर्ती’, ‘सर्वांत’ अशा शब्दांचे रफार, वेलांट्या, अनुस्वार वर चढतात, ‘ट्रू’सारखी अक्षरं खाली उतरतात. टंक (फॉन्ट) उंच असेल आणि ओळींचं अंतर इंग्रजीच्या मापाने ठेवलं असेल तर वरखालची अक्षरं भिडू नयेत म्हणून टेक तेवढ्याच ओळी थोड्या दूर सारतो. अशा दहा ओळी मोजलेल्या दहांपेक्षा जास्त उंची घेतात. मग आकृती संपते तरी ओळी अरुंदच, आणि आकृतीखाली रिकामा पट्टा. अनेकांना हा दोष आकृतीच्या फाइलचा वाटतो. उपाय सोपा आहे: ओळींचं अंतर टंकाला पुरेल इतकं आधीच वाढवा आणि अरुंद ओळींची संख्या हाताने द्या.

खिळेघर, शब्द तोडायचे नियम लाटेकच्या झीलाटेक या प्रकारात मराठीसाठीही आहेत. भाषा मराठी म्हणून जाहीर केली पाहिजे, एवढंच. पुष्कळ लोक ती करतच नाहीत.

पानजुळणी, दादर

मोठा ‘आर’ मला माहीत आहे. तो दिला की आकृती सरकते, आणि ‘शेजारच्या आकृतीत’ असं लिहिलेलं वाक्य खोटं पडतं. म्हणून लहान दिला होता.

सातवी ब, तुमचं बोटाचं वाक्य मी दोनदा वाचलं. आकृती वाक्याच्या शेजारी हवी, हे मला मान्य. ‘पूर्ण रुंदीत किंवा समासात’ असं मी सरसकट म्हणाले, त्यातला उभ्या आकृत्यांचा भाग मी मागे घेते. पण शेजारी असणं आणि मजकूर वळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, इथेच माझा मुद्दा आहे.

सगळ्यात जास्त आकृती कुठे लागते? कृतीत. ‘१. परीक्षानळीत पाणी घ्या. २. नळी चिमट्यात तिरकी धरा. ३. वरच्या बाजूला उष्णता द्या.’ आणि रॅपफिग नेमकं क्रमांकाच्या यादीत चालत नाही, वापरू नका असं स्पष्ट सांगितलेलं आहे. म्हणजे जिथे मुलाला बोट न्यायचंय तिथेच हे साधन हात वर करतं. तिथे मी आता दोन मिनिपेज, म्हणजे पानातल्या दोन स्वतंत्र चौकटी, शेजारी ठेवते. डावीकडे पायऱ्या, उजवीकडे परीक्षानळी, दोन्हींचा माथा एका ओळीत. पायऱ्यांची वाक्यं मुळातच छोटी, त्यामुळे भोकंही पडत नाहीत. मजकूर कितीही सरकला तरी कृती आणि आकृती हात धरून सरकतात.

सुटे भाग, ठाणे

हात धरून सरकतात, पण मिनिपेज पानावर तुटत नाही. अर्ध्या पानाची कृती तळाशी मावली नाही की अख्खी पुढच्या पानावर, आणि मागे रिकामी जागा.

पानजुळणी, दादर

हो, राहते. ती मला चालते. अर्धी कृती एका पानावर आणि ज्योत दुसऱ्या पानावर, यापेक्षा खाली सहा ओळींची जागा रिकामी बरी.

खिळेघर, गिरगाव

सहा ओळींची जागा दहा ठिकाणी राहिली की दोन पानं झाली. मी नाही मानत. तिथे परिच्छेदांचा क्रम बदलायला लेखकाला सांगायचं, पान भरायचं. जुळणाऱ्याचं काम तेच आहे. लांबलचक वर्णनाच्या परिच्छेदात कप्पी असेल तर तिथे मिनिपेजही चालणार नाही, आकृती संपल्यावर मजकूर पूर्ण रुंदीत आला पाहिजे. तिथे वळवावंच लागेल.

कलिना कॅम्पस

प्रबंधासाठी माझं मत कायम आहे. मुलांच्या कृतींसाठी फ्लोट नको, हे पटलं. फ्लोट क्रम मोडत नाहीत, एक आकृती अडली की मागच्या सगळ्या अडतात. माझ्या चौथ्या प्रकरणात सहा आकृत्या प्रकरणाच्या शेवटी एकत्र जमल्या होत्या. पुस्तिकेत तसं झालं तर वाचायला काही उरणार नाही.

सातवी ब, कुर्ला

ताई, परीक्षानळीचं ते पान मला पाठवाल का? दोन्ही प्रकारे जुळवून, एक वळवलेलं आणि एक दोन मिनिपेजचं. सोमवारी पहिल्या तासाला दोन बाकांवर ठेवते आणि मुलांची बोटं कुठे जातात ते बघते. खिळेघरांनी कप्पीचं पान त्यांच्या पद्धतीने करून दिलं तर तेही ठेवीन.

खिळेघर, गिरगाव

देतो. मजकूर आणि आकृतीची फाइल पाठवा. आकृतीची रुंदी मी ठरवणार.