सल्ला हवा: वर्ड्सवर्थपासून थोरोपर्यंत, आठ रविवारांत काय आणि कोणत्या क्रमाने वाचावं?

कवडसा:
आमच्या वाचनगटाने पुढचे आठ रविवार, दर वेळी दोन तास, इंग्रजी रोमँटिक कवी आणि अमेरिकेतले ट्रान्सेंडेंटलिस्ट (सत्य आतून, थेट जाणता येतं असं मानणारे एमर्सन, थोरो वगैरे लेखक) यांच्यासाठी ठेवले आहेत. दहा-बारा जण आहोत. इंग्रजी वाचतो, पण जुनी इंग्रजी जड जाते. नेमकं काय घ्यावं आणि वाचताना कुठे अडायला होतं, हे जाणकारांनी सांगावं.

शाईदौत:
दोन रविवार वर्ड्सवर्थ-कोलरिज, एक कीट्स, दोन एमर्सन, एक मार्गारेट फुलर, दोन थोरो. शेली आणि बायरन या खेपेला सोडा. सगळ्यांची हजेरी घ्यायला गेलात तर कुणाचंच नीट वाचून होणार नाही.

सुरुवात वर्ड्सवर्थच्या 'टिंटर्न ॲबी' या कवितेने करा. सुमारे १६० ओळी आहेत, मोठ्याने वाचा. लांबलचक शीर्षकात मठाचं नाव आणि १३ जुलै १७९८ ही तारीख आहे, पण कवितेत मठ कुठेच नाही. कवी त्याच्या काही मैल वर, वाय नदीच्या काठी आहे. पडक्या भिंती शोधत बसलं की कविता हातून निसटते. त्याऐवजी कुंपणाची ओळ पाहा. शेतांच्या कडेची झुडपी कुंपणं दिसतात असं तो म्हणतो आणि लगेच शब्द मागे घेतो: कुंपणं कसली, मोकाट वाढलेल्या रानाच्या खेळकर रेघा त्या! पाहणारा आपलं पाहणं आपल्यासमोर दुरुस्त करतो. मन आणि निसर्ग यांच्या नात्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, ते नातं इथे दोन ओळींत घडताना दिसतं. शेवटी तो बहीण डोरोथीशी बोलतो, तो भाग गाळू नका. पाच वर्षांपूर्वी इथे आलेला स्वतः त्याला तिच्या डोळ्यांत दिसतो.

वर्ड्सवर्थ-कोलरिजच्या 'लिरिकल बॅलड्स' या संग्रहाची वर्ड्सवर्थने लिहिलेली प्रस्तावना दुसऱ्या रविवारी, कविता वाचून झाल्यावर. संग्रह १७९८चा, पण ही प्रस्तावना १८००च्या दुसऱ्या आवृत्तीतली. पहिल्या आवृत्तीत छोटं निवेदन होतं आणि कवींची नावंही नव्हती. चांगली कविता म्हणजे 'उत्कट भावनांचा उत्स्फूर्त ओघ' हे त्यातलं वाक्य नेहमी अर्धंच सांगितलं जातं. पुढे तो लगेच म्हणतो की मोलाची कविता अशाच माणसाच्या हातून होते, ज्याने दीर्घकाळ आणि खोलवर विचारही केला आहे. अर्धं वाक्य घेतलं की वर्ड्सवर्थ नुसता भावनावेगाचा कवी ठरतो.

त्याच दिवशी कोलरिजची दीर्घ कविता 'एन्शंट मरिनर'. समासातल्या टिपा त्याने १८१७मध्ये घातल्या. पहिल्या वाचनात समास कागदाने झाका, दुसऱ्यात उघडा. टीप सांगते तेवढाच अर्थ कवितेत आहे का, यावर चर्चा आपोआप रंगते.

तळटीप:
कीट्ससाठी १८१९चं 'ओड टू अ नाइटिंगेल' घ्या आणि जोडीला डिसेंबर १८१७चं पत्र, ज्यात 'निगेटिव्ह केपेबिलिटी' येते. संशयात, गूढात राहता येणं आणि उत्तरासाठी घाई न करणं, एवढाच तिचा अर्थ. 'नकारात्मक क्षमता' असं भाषांतर करू नका, भलताच अर्थ निघतो.

एमर्सनकडे वळताना एक शब्द आधीच फळ्यावर लिहून ठेवा: 'रीझन'. आपण त्याचा अर्थ तर्कबुद्धी असा घेतो. एमर्सनकडे तो जवळजवळ उलटा आहे. 'रीझन' म्हणजे सत्य थेट जाणणारी प्रज्ञा आणि हिशेबी, तर्क करणारी बुद्धी म्हणजे 'अंडरस्टँडिंग'. मूळ भेद जर्मन तत्त्वज्ञ कांटचा, पण तो कोलरिजच्या हातून बदलून अमेरिकेत पोचला. कोलरिजच्या 'एड्स टू रिफ्लेक्शन'ची अमेरिकी आवृत्ती १८२९मध्ये जेम्स मार्शने काढली, ती या मंडळींनी मन लावून वाचली. इंग्लंडमधल्या कवींशी धागा जुळतो तो इथे. हे नीट समजलं नाही तर एमर्सनचं १८३६चं पुस्तक 'नेचर' उलट्या अर्थाने वाचलं जातं.

'नेचर'चं पहिलंच प्रकरण घ्या, पुढच्या रविवारी स्वावलंबनावरचा निबंध 'सेल्फ-रिलायन्स'. त्यात युक्तिवादाची साखळी शोधू नका. एमर्सनचे निबंध रोजनिशी आणि व्याख्यानांतून जुळवलेले, म्हणून एकेक वाक्य स्वतंत्र उभं राहतं. प्रत्येकाने तीन वाक्यं निवडून आणावीत.

कवडसा:
फार उपयोगी, दोघांचेही आभार. फुलरचं काय घ्यावं? आणि थोरोच्या 'वॉल्डन'चं पहिलं प्रकरण फार लांब आहे म्हणतात, ते गाळलं तर चालेल?

शाईदौत:
फुलरचं 'वुमन इन द नाइन्टीन्थ सेंच्युरी' (१८४५), सुरुवातीची तीसेक पानं पुरेत. ट्रान्सेंडेंटलिस्टांच्या 'द डायल' या नियतकालिकाची पहिली दोन वर्षं तीच संपादक होती.

'वॉल्डन' दुसऱ्या प्रकरणापासून सुरू करा. पहिल्यातच बरेच जण थांबतात.

रानवाट:
इथे माझं मत वेगळं आहे. 'इकॉनॉमी' हे पहिलं प्रकरण गाळलं तर थोरो वॉल्डन तळ्याकाठी सुटीवर गेलेला माणूस वाटतो. सगळं वाचू नका, पण तिथे त्याने बांधलेल्या घराच्या खर्चाची यादी वाचाच. फळ्या ८.०३½ डॉलर, काचेसकट दोन जुन्या खिडक्या २.४३, जुन्या हजार विटा ४, खिळे ३.९०, खडू १ सेंट. एकूण २८.१२½. चुन्याचा भाव जास्त पडला हेही तो नोंदवतो. मग शेजारी ठेवतो केंब्रिज कॉलेजातल्या (म्हणजे अमेरिकेतल्या हार्वर्डमधल्या) विद्यार्थ्याच्या खोलीचं वर्षाचं भाडं, ३० डॉलर. एका वर्षाच्या भाड्याहून कमी पैशांत कायमचं घर! एखाद्या वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी द्यावं लागणारं आयुष्य, हा त्याचा मुद्दा, आणि तो अर्ध्या सेंटपर्यंतच्या हिशेबाने मांडला आहे. स्वावलंबनाची कल्पना एमर्सनने मांडली, तिला थोरोने जमाखर्चाला लावलं.

घराखालची जमीन एमर्सनची होती आणि गाव चालत जाण्याच्या अंतरावर, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. रानात एकटा जगला अशी समजूत करून घेतली की पुढे फसवणूक झाल्यासारखं वाटतं. ४ जुलै १८४५ ते ६ सप्टेंबर १८४७ एवढाच मुक्काम, पुस्तक मात्र १८५४चं. मधल्या काळात त्याने ते पुन्हा पुन्हा लिहिलं आणि दोन वर्षांचं एक वर्ष केलं.

इंग्रजी जड गेलं तर दुर्गा भागवतांचं भाषांतर, 'वॉल्डनकाठी विचारविहार', शेजारी ठेवा. शेवटच्या रविवारी 'द पाँड इन विंटर' वाचा. जहाजाने दूरदेशी पाठवायला तळ्यातला बर्फ कापून नेणारी माणसं पाहून थोरोच्या मनात येतं की मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक माझ्या विहिरीचं पाणी पिणार. लगेच तो सकाळी वाचत असलेल्या गीतेकडे वळतो आणि वॉल्डनचं पाणी गंगेच्या पाण्यात मिसळतं. हा परिच्छेद इंग्रजीतूनच वाचा, मोठ्याने.